जेवणघर वर कशाला बांधलंस, वसू?

वसू, काल तुझ्या तेराव्याचं जेवण झालं. वर, आपल्या सगळ्यांच्या जेवणघरात. मी गेले नाही. गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. गुडघा दुखतोच, ते काही खोटं नाही, पण तेवढ्यासाठी कुणी मैत्रिणीचं तेरावं चुकवत नाही. शेजारचे किरीटभाई ताट घेऊन खाली आले. "थोडुं तो खाओ, शैलाबेन," म्हणाले आणि दारातच रुमालाने डोळे पुसत राहिले. मी ताट घेतलं, झाकून ठेवलं. सकाळी बघते तर लाडवाला मुंग्या.

तेरा दिवस सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. वसुबेन नसत्या तर ही सात घरं उभी राहिली नसती. वसुबेननी म्हातारपणी एकटं पडू दिलं नाही कुणाला. मी मान हलवत होते. तेरा दिवस हलवून हलवून मान दुखायला लागली. आज चौदावा दिवस. आज मी बोलणार आणि तू ऐकणार. मध्येच तोंड घालायची तुझी खोड आता आपोआप मोडली आहे.

तुझ्या नीलने परवा तुझी चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली. पोरगं बेंगळुरूहून आल्यापासून धड जेवलेलं नाही, तरी वाचताना आवाज खणखणीत ठेवला, अगदी तुझ्यासारखा. चिठ्ठीत काय, तर माझं घर विकू नका, कुणाला भाड्यानेही देऊ नका, पुढची खोली आणि झोपायची खोली यांच्यामधली भिंत पाडा आणि जेवणघर खाली आणा. सगळ्यांचे डोळे भरून आले. हंसाबेन, किरीटभाईंच्या बायको, हुंदके देऊन रडल्या. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. आता? आता सुचलं तुला? माझा माधव जाऊन दोन वर्षं झाल्यावर?

उद्या दहा वाजता त्यासाठी मीटिंग आहे. नियम तूच केलेला: सगळ्यांनी हिरवं कार्ड दाखवलं तरच गोष्ट होणार, एकाने लाल दाखवलं की थांबली. लाल दाखवणाऱ्याने उभं राहून कारण सांगायचं. नऊ वर्षांत लाल कार्ड कुणी वर केलेलं नाही. माझं कुठे असेल म्हणून आज कपाट उपसलं. सापडलं. पर्समध्ये ठेवलंय.

तुला ती कार्डं आठवतात ना? सुभानपुऱ्याच्या तुझ्या फ्लॅटवर दर रविवारी आपण जमायचो. शेव-उसळीच्या पुड्या सुटायच्या, चहाचे दोन राउंड व्हायचे, आणि मग तू पदर खोचून सुरू व्हायचीस. परदेशात लोक अशी एकत्र घरं कशी बांधतात, स्वतःची घरं लहान ठेवतात आणि स्वयंपाक एकत्र करतात, मतदान नाही, सगळ्यांची सहमती. नीलच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कापून तू लाल-हिरवी कार्डं केलीस. हिरव्याच्या मागे अजून गणपतीचं अर्धं पोट दिसतं. आम्हाला केवढं कौतुक तुझं! चौदा घरं तयार होती तेव्हा. तीन वर्षं जमीन शोधता शोधता सात गळाली. कुणाला हरणीकडे हवं होतं, मुलाच्या घराजवळ. कुणाला हा पादरा गावाकडचा रस्ता लांब वाटला. तू त्यांना नावं ठेवलीस. मी तुला हो ला हो केलं. माधव म्हणाला, "अगं, जाणारे निदान तोंडाने बोलून गेले." ते आपण दोघींनीही कानाआड केलं.

आणि मग तो नकाशाचा रविवार. आर्किटेक्टने कागद पसरला. मध्ये अंगण, भोवती सात बैठी घरं, आणि कोपऱ्यात दोन मजली सामायिक इमारत. खाली स्कूटरी आणि धान्याची कोठी, वर जेवणघर. बावीस पायऱ्या. तू म्हणालीस, वर वारा येतो, चारी बाजूंनी शेतं दिसतात, आणि उद्या पाणी भरलं तरी चूल कोरडी राहील. बडोद्यात पाण्याचं नाव काढलं की कोण नाही म्हणणार? मग तू एकेकाच्या डोळ्यांत बघत विचारलंस. चालेल? चालेल. चालेल? चालशे. माझ्यापाशी आलीस. मी हिरवं कार्ड वर केलं.

नंतर तुझ्या ओट्यापाशी मी आणि हंसाबेन कप विसळत होतो. त्या हळूच म्हणाल्या, "आ उंमरे दादर चढवाना?" या वयात जिने चढायचे का, हाच प्रश्न माझ्याही मनात होता. म्हटलं, "सांगा ना तिला." त्या म्हणाल्या, "तमे कहो ने, तमारी तो बेनपणी छे." मैत्रीण म्हणून मी सांगायचं, आणि मैत्रीण म्हणूनच मला सांगवेना. दोघींनी कप विसळले, पालथे घातले आणि बाहेर येऊन नकाशाचं कौतुक केलं. आपली माणसं अशीच आहेत, वसू. तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे जिवावर येतं. मराठी असो की गुजराती, मोठ्या माणसाने प्रेमाने विचारलं की 'चालेल' म्हणतो आणि मग आयुष्यभर कुरकुरतो. परदेशातल्या लोकांना कदाचित 'नाही' म्हणता येत असेल. तू आमच्या हातात लाल कार्ड दिलंस खरं, पण ते वर करायचा हात कुठून आणायचा?

तुला हे कळायला हवं होतं. तू बडोद्यातच जन्मलीस, वाढलीस. तू काही परदेशातून आली नव्हतीस.

राहायला येऊन दोन वर्षं झाली आणि माधवची उजवी बाजू गेली. पुढचं तुला माहीत आहे, पण माहीत असणं आणि ऐकून घेणं यांत फरक आहे, म्हणून सांगते. तो वॉकर घेऊन अंगणापर्यंत यायचा. जिन्याखाली उभा राहायचा. वर ताटं मांडल्याचा आवाज, किरीटभाईंचे विनोद, तुझं ते गडगडाटी हसणं. मग वरून डबा यायचा. तो डबा वॉकरला अडकवून तो घरी जायचा, टीव्हीसमोर बसायचा, डाव्या हाताने जेवायचा. पाच वर्षं. ज्या माणसाने रिफायनरीत तीस वर्षं शिफ्टच्या कँटीनमध्ये वीस जणांत बसून जेवण केलं, जो वाढणाऱ्याशी गप्पा मारल्याशिवाय घास घेत नसे, तो पाच वर्षं एकटा जेवला. आणि इथे आलो होतो कशासाठी? म्हातारपणी एकटं जेवायला लागू नये म्हणून!

तू मला एकदा काय म्हणालीस आठवतं? मी खाली रेंगाळत होते. तू जिन्यावरून वाकून ओरडलीस, "शैले, ये गं वर. त्याला काय, टीव्ही असतो सोबतीला." तो वॉकर धरून माझ्या शेजारीच उभा होता. तो हसला. मी ते वाक्य आजपर्यंत विसरलेले नाही आणि तुला मात्र ते म्हटल्याचंही आठवत नसणार.

बाकी तुझ्याशी मी भांडले, खूप भांडले. खताच्या खड्ड्याला वास येतो म्हणून भांडले. जेवणाची घंटा नको, आपण काय वसतिगृहातली मुलं आहोत का, म्हणून भांडले. आमटीत गूळ किती, यावर तर आपण आठ दिवस बोललो नव्हतो; किरीटभाई मधल्यामध्ये 'बे मराठी ने बे मत', दोन मराठी आणि दोन मतं, म्हणून हसत होते. लोकांना वाटायचं शैलाबेन तोंडाळ आहे, मनात काही ठेवत नाही. मनात काय ठेवलं होतं ते मला माहीत.

आणि तुझं ते भाषण! पुण्याहून, नाशिकहून लोक बघायला यायचे, वह्या काढून बसायचे, आणि तू 'आम्ही काय शिकलो' सांगायचीस. जमिनीआधी माणसं शोधा. स्वतःची जागा लहान ठेवा, सगळ्यांची मोठी. गाड्या फाटकाशी ठेवा म्हणजे चालता चालता भेटी होतात. स्वयंपाकाच्या पाळ्या लावा, एक घर एक दिवस. सगळं बरोबर गं. मी मागच्या बाकावर बसून ऐकायचे. एकदा नाशिकच्या एका बाईने विचारलं, "चुकलं काय तुमचं?" तू म्हणालीस, "सौर पॅनेल आधीच लावायला हवे होते." सौर पॅनेल! खाली माधव डब्याची वाट बघत होता आणि तुझं चुकलं काय, तर सौर पॅनेल.

बरं, उपकारही सांगते, नाहीतर म्हणशील कृतघ्न आहे. पाणी भरलं होतं ते तीन दिवस. अंगणात मांडीएवढं पाणी, घरात पावलं बुडतील इतकं. वीज नाही. तू छत्री टाकून देऊन भिजत आलीस, चार जणांना गोळा केलंस, माधवला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलंस आणि खुर्चीसकट वर चढवलंस. तीन दिवस तो वर होता. खिचडी, कढी आणि भाजलेले पापड. तू त्याच्या शेजारी बसून कॉलेजातल्या गणेशोत्सवातल्या नाटकाची आठवण काढलीस, तो राजा झाला होता आणि मिशी सुटून पडली होती. तो इतका हसला की ठसका लागला. तुझं म्हणणं खरं ठरलं, वरची चूल कोरडी राहिली. त्या तीन दिवसांसाठी मी तुझी ऋणी आहे. मनापासून.

पण पाणी ओसरलं, खुर्ची खाली आली, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा डबा. किरीटभाईंनी रोज उचलून न्यायची तयारी दाखवली तर माधव म्हणाला, "मी काय पालखीतला देव आहे?" तुम्ही सगळे हसलात. कुणाच्या डोक्यात आलं नाही की माणूस वर जात नसेल तर जेवण खाली येऊ शकतं. तुझ्या डोक्यात यायला हवं होतं. डोकं तुझंच चालायचं ना इथे!

तो गेला तेव्हा तू चार दिवस माझ्या घरातून हलली नाहीस. माझे केस विंचरलेस. मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि रडतानाही मनात म्हणत होते, हिच्यामुळे, हिच्यामुळे.

बस. उद्या लाल कार्ड वर करणार आहे. तुझ्या त्या चांगुलपणाला पहिलं 'नाही' माझं.

*

मीटिंग होऊन आले, वसू. काय झालं ते सांगितल्याशिवाय मला बसवणार नाही.

मीटिंग तुझ्याच पुढच्या खोलीत ठेवली होती. खुर्च्या कमी पडल्या, नील पलंगाच्या कडेवर बसला. किरीटभाईंनी मीटिंगची वही उघडली, चष्मा लावला, चिठ्ठीतला मुद्दा वाचला आणि सगळ्यांना विचारलं, "बधाने चालशे ने?" हिरवी कार्डं पटापट वर. मी लाल काढलं.

कुणाला आधी समजलंच नाही. किरीटभाई म्हणाले, "शैलाबेन, भूलथी लाल काढ्युं." म्हटलं, "चुकून नाही. मला नको आहे." नील माझ्याकडे बघायला लागला. पण उभी राहिले. नियमच आहे, उभं राहायचं.

आणि बोलले. काल तुला लिहिलं ते सगळं. माधव पाच वर्षं एकटा जेवला म्हणाले. जिन्याखाली उभा राहून तुमचं हसणं ऐकायचा म्हणाले. त्याच्यासाठी भिंत पाडायचं कुणाला सुचलं नाही, आणि आता वसूला मोठेपणा मिळावा म्हणून भिंत पडणार असेल तर मला तो मोठेपणा मान्य नाही. आवाज चढला होता. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. अकरा वर्षांची मळमळ बाहेर पडत होती, नकाशाच्या रविवारपासूनची.

तेवढ्यात हंसाबेन बोलल्या. अगदी हळू, कप विसळताना बोलल्या होत्या तशा. "पण शैलाबेन, तमे तो अमारी साथे उपर ज जमतां हतां ने?"

टोमणा नव्हता गं तो. त्यांना खरंच कळत नव्हतं. तुम्ही तर आमच्याबरोबर वरच जेवत होता ना, एवढंच विचारलं त्यांनी.

हो. जेवत होते. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा गेले. मग तीनदा. मग रोज. त्याला डबा उघडून द्यायचा, पोळीचे तुकडे करायचे, टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि मी वर यायचं. दिवसभर त्याचं सगळं करून जीव आंबून जायचा, माणसांत बसावंसं वाटायचं. तो म्हणायचा, "जा तू, मला चालेल." मी ते ऐकून घेतलं. 'चालेल'चा अर्थ काय असतो, हे या सात घरांत माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी मी गेले. तुझ्या शेजारी बसून जेवले, गूळ जास्त झालाय म्हणून तुझ्याशी भांडले. ते गडगडाटी हसणं एकट्या तुझं नव्हतं. माझंही होतं.

हे सगळं मी त्यांच्यासमोर बोलले. आता एवढं बोललेच, तर आणखी एक राहिलं होतं तेही बोलले, नीलकडे न बघता. गेले पाच महिने तुला जिना चढवेना. डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं, शेजारीण म्हणून. मी रोज संध्याकाळी डबा तुझ्या दाराशी ठेवला, बेल वाजवली आणि निघाले. एकही दिवस चुकवला नाही, आणि एकही दिवस बसले नाही. एकदा तू दार लवकर उघडलंस. "थांब ना गं, दोन घास खा माझ्याबरोबर," म्हणालीस. मी म्हटलं, "तुला काय, टीव्ही आहे की सोबतीला."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग दार लावून घेतलंस. त्या दिवशी तुला आठवलं असणार. चिठ्ठी तू त्यानंतरच लिहिलीस, मला तारीख बघायची गरज नाही.

नील उठला. मला वाटलं आता बाहेर जाईल. तो आत गेला, पाण्याचा ग्लास आणला, माझ्या हातात दिला आणि पलंगाची कडा सोडून माझ्या पायाशी जमिनीवर बसला. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी लाल कार्ड खाली केलं. म्हटलं, पाडा भिंत. पण नियमाप्रमाणे माझं कारण वहीत लिहायचं, आणि यापुढे कुणी आपल्याकडे शिकायला आलं, तर आधी हे पान वाचून दाखवायचं. किरीटभाईंनी लिहायला घेतलं. एकेक शब्द मोठ्याने उच्चारत: जेवणघर वरच्या मजल्यावर बांधल्यामुळे आपल्यातली दोन माणसं एकटी जेवली. मग पेन थांबलं. चूक कुणाची लिहू, असं त्यांना विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. "कोनी... एटले के, कोनुं नाम..."

मी म्हटलं, "दोघींची लिहा. वसुधा आणि शैला."

त्यांनी लिहिलं. तुझ्या नावापाशी पुन्हा अडले, नावाआधी काही लिहायचं का म्हणून. "आगळ 'स्वर्गस्थ' लखवुं पडशे ने?"

"नको," मी म्हणाले. "आमचं भांडण अजून मिटलेलं नाही."